चिखलातली ऐंशी सेकंदं

लहान मुलांची मतं वाचायला छाती लागते. मोठी माणसं निदान खोटं तरी बोलतात. सिनेमाच्या पहिल्या चाचणी-खेळानंतर जमा झालेली कार्डं टेबलावर पसरली होती आणि त्यांतल्या एकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "राजा आमच्या हेडमास्तरांसारखा दिसतो म्हणून आवडला नाही." दुसऱ्यावर, "आजीला अजून काम द्या." तिसऱ्यावर, "सिनेमा मस्त आहे पण मला शू लागली होती." कुणा वडिलांनी झोकदार सही ठोकून बजावलं होतं, "शौर्य दाखवायचं तर एवढं पडणं कशाला?"

हे शेवटचं कार्ड खोडरबरनं दोनदा वाचलं. खोडरबर हे तिचं स्टुडिओतलं नाव. बावीस वर्षं ती हलती चित्रं काढत होती, आणि जेवढं काढायची त्याच्या दुप्पट खोडायची. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण पगाराच्या पाकिटावरसुद्धा एकदा चुकून तेच पडलं होतं.

सिनेमा होता एका खाणावळवाल्याच्या मुलीचा. तिला शिलेदार व्हायचं असतं. गडावरची अट अशी, की अंगभर चिलखत घालून, एकट्यानं, कुणाचाही हात न घेता जो वर पोचेल त्यालाच तलवार मिळेल. बाप, आजी आणि धाकटा भाऊ हातगाडी ढकलत तिच्या मागून येतात, पण कुणी तिला बोट लावलं तरी ती बाद. अर्ध्या वाटेवर मुलगी दलदलीत पडते. चिलखताचं ओझं, गुडघ्याला लागलेलं, आणि घरची माणसं काठावर उभी. ती उठायला बघते, पडते, पुन्हा बघते. संगीत नाही, विनोद नाही. ऐंशी सेकंदं. ही ऐंशी सेकंदं खोडरबरची होती आणि त्यांत तिचे आठ महिने गेले होते.

"चिखल जाणार," दिग्दर्शक म्हणाले.

त्यांना सगळे मिनिटवाले म्हणत, कारण त्यांच्या गळ्यात कायम थांबघड्याळ लटकलेलं असे. माणूस वाईट नव्हता. सोमवारी त्यांना सिनेमा ठरलेल्या लांबीत पुढे द्यायचा होता आणि त्यांच्या हातात एक कागद होता. या स्टुडिओची एक जुनी रीत होती. चाचणीच्या वेळी संकलक शेवटच्या रांगेत बसायचा, मांडीवर प्रसंगांची यादी घेऊन. खुर्चीच्या पाठीवर एखादं डोकं उठलं, की त्या प्रसंगापुढे एक रेघ. प्रेक्षक कुठे कंटाळून बाहेर जातात ते असं कळायचं. बाकीच्या प्रसंगांपुढे तीन-चार रेघा होत्या. चिखलापुढे त्रेचाळीस.

"मुलं तोंडानं गोड बोलतील, पण बूड खोटं बोलत नाही," मिनिटवाले म्हणाले. "त्रेचाळीस जणं उठली बाई. मी काय करू?"

"शनिवारी दुसरा खेळ आहेच. त्यात ठेवा."

"आणि पुन्हा उठले तर?"

"वीसच्या वर गेले तर मी स्वतः कापून देईन. शब्द देते."

"ठीक. घोडामैदान जवळच आहे," मिनिटवाले म्हणाले आणि सवयीनं घड्याळाचं बटण दाबलं.

शुक्रवारभर लोक तिच्या टेबलाशी येऊन शहाणपण वाटून गेले. एक म्हणाला, चिखलात बेडूक टाक, पोरं हसतील. दुसरा म्हणाला, मागे जरा ढोल वाजू दे. न मागता मिळणारा सल्ला फुकट असतो आणि तेवढ्याच किमतीचा असतो. खोडरबरनं सगळ्यांना हो हो म्हटलं आणि एकही रेघ बदलली नाही. ते खरं आहे हे तिला ठाऊक होतं. ते तिनं मनानं काढलेलं नव्हतंच.

ते तिनं आईवरून काढलं होतं.

गेल्या वर्षी आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले. मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी जमिनीवर सतरंजी घातली आणि सांगितलं, रोज सकाळी खाली बसून स्वतःचं स्वतः उठायचं. लेकीला वेगळं बजावलं, "तुम्ही हात द्यायचा नाही. अजिबात. दिलात तर त्या कायमच्या बसल्या समजा." तेव्हा खोडरबर रोज सकाळी समोर स्टुलावर बसायची, आणि आई कुशीवर वळायची, कोपर रोवायची, घसरायची, पुन्हा रोवायची. कधी दहा मिनिटं, कधी वीस. हात शिवशिवायचे. त्यांना काहीतरी काम हवं म्हणून तिनं वही घेतली आणि काढायला लागली. ज्या बाईनं आपल्याला चालायला शिकवलं ती डोळ्यांसमोर धडपडते आहे आणि आपण पेन्सिलीला टोक करतोय, याची तिला रोज लाज वाटायची. हे तिनं आईला कधी सांगितलं नव्हतं. आईनंही कधी विचारलं नव्हतं, ती फक्त उठल्यावर घाम पुसायची आणि म्हणायची, "झालं बघून? चहा ठेव."

शनिवारी दुपारी सभागृह गच्च भरलं. खोडरबरच्या बहिणीची सात वर्षांची लेक आजीला घेऊन आली होती, म्हणजे खरं तर आजी काठी टेकत तिला घेऊन आली होती, पण भाचीचं म्हणणं उलट होतं. दोघी तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या. आईनं खुर्चीत टेकल्या टेकल्या विचारलं, "तू नाही बसत?"

"मला काम आहे," खोडरबर म्हणाली.

काम तिनं तिचं तिनंच लावून घेतलं होतं. मागून मोजणाऱ्यांना मोजू दे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. उठणारी मुलं जातात कुठे, कुठल्या क्षणी त्यांचा जीव उडतो, हे तिला तोंडाकडे बघून समजून घ्यायचं होतं. बाहेर जायची दोन्ही दारं पडद्याच्या अंगाला होती. ती पडद्याखालच्या पायरीवर बसली, पडद्याकडे पाठ करून आणि लोकांकडे तोंड करून.

चिखल आला तेव्हा तिनं तो फक्त ऐकला. पाण्याचा आवाज, लोखंडाचा आवाज, मुलीचा श्वास. पडद्याचा करडा उजेड दीडशे चेहऱ्यांवर पडला होता. दुसऱ्या रांगेतला एक दात पडलेला मुलगा पुढे सरकला. मग त्यानं खुर्चीचा हात धरला आणि हळूहळू, अर्धवट वाकून, उभा राहिला. पडली एक रेघ, खोडरबरच्या मनात आलं. तिनं दाराकडे पाहिलं. मुलगा दाराकडे गेला नाही. तिथेच उभा राहिला, मुठी आवळून, खांदे वर खेचत, जणू त्याच्याच पाठीवर चिलखत होतं.

मग त्याच्या शेजारची उठली. मग मागच्या रांगेतली तिघं. भाची थेट खुर्चीवर चढली. मुलगी चिखलात कोपर रोवत होती आणि समोरचं निम्मं सभागृह तिला वर ओढत होतं, हात न लावता. दाराकडे एकही पाऊल वळलं नव्हतं. पहिल्या खेळातही असंच झालं असणार, हे तिला तिथल्या तिथे कळलं. मागून दिसणार काय, तर उठलेली डोकी. संकलकाची नजर कागदावर, आणि उठलेलं डोकं पुन्हा बसलं का, हे लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता. इतकी वर्षं कुणाला त्याची गरजच पडली नव्हती.

खेळ संपल्यावर सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं? आपलं बाळ कुणाला काळं वाटतं, असं म्हणून हसले असते. निम्मी सेकंदं उरली होती. ती उठली, वाकून मधल्या वाटेनं शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि मिनिटवाल्यांची बाही धरली.

"खाली चला."

"अहो, मध्येच काय..."

"आत्ता. मग उपयोग नाही."

बावीस वर्षांत तिनं त्यांना कधी हुकूम सोडला नव्हता, म्हणूनच बहुधा ते आले. तिनं त्यांना पडद्याखाली आणून फिरवलं आणि लोकांकडे तोंड करून उभं केलं. मिनिटवाले बघत राहिले. घड्याळावरचा अंगठा तसाच राहिला.

आणि तेव्हा खोडरबरला तिसरी रांग दिसली. काठी खाली पडली होती. आई उभी होती. दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून, ओठ हलवत. ते ओठ काय म्हणत होते ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. एक, दोन, तीन, आता. रोज सकाळचे आकडे.

पडद्यावर मुलगी उठली असावी, कारण उभे राहिलेले सगळे एकदम खाली बसले आणि घडीच्या खुर्च्या पटापट वाजल्या. सगळ्यात शेवटी आई बसली, सावकाश, तिच्या पद्धतीनं.

दिवे लागल्यावर संकलक कागद घेऊन आला. त्याचं तोंड उतरलं होतं. "एकाहत्तर," तो म्हणाला.

खोडरबर म्हणाली, "वीसच्या वर गेले. मी शब्द दिला होता."

मिनिटवाल्यांनी कागद घेतला, त्याच्या पेनानं कडेला एक उभी रेघ ओढून नवा रकाना पाडला आणि त्यात लिहिलं, बसले, एकाहत्तर. "आजपासून पुढे बसायचं," ते संकलकाला म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "चिखल राहील. दरबारातली भाषणं कापतो मी. माझीच आहेत ती."

खोडरबरला आनंद झाला, पण तो अंगावर घ्यायला तिला वेळ नव्हता. आई अजून खुर्चीतच होती, आणि भाची तिला कार्ड भरायला मदत करत होती, म्हणजे पेन पळवत होती.

"आई, दमलीस का?"

"तो गुडघा चुकलाय," आई म्हणाली.

"कुठला?"

"तुझ्या त्या पोरीचा. दुखऱ्या पायावर भार देऊन उठते ती. असं कुणी उठत नाही. चांगला पाय आधी रोवायचा." तिनं लेकीकडे रोखून पाहिलं. "रोज समोर बसत होतीस ना वही घेऊन? मग बघत काय होतीस?"

म्हणजे आईनं ओळखलं होतं. "मला वाटलं, तुला राग येईल."

"राग यायचाच. रोज. म्हणायची मी मनात, दगडाची आहे ही, नुसती बघते, हात म्हणून पुढे करत नाही. त्या बाईनं तुला बजावलंय हे माहीत असूनसुद्धा." आईनं वाकून काठी उचलायचा प्रयत्न केला, ती भाचीनं दिली. "आज मीच बसले बघायला. आणि मला चाळीस सेकंद बसवलं नाही. तू वर्षभर कशी बसलीस गं?"

खोडरबरनं आईचा हात हातात घेतला, आणि आईनं तो थोडा वेळ राहू दिला.

गुडघ्याची शहाण्णव चित्रं होती. मिनिटवाल्यांनी सांगितलं, कुणाच्या लक्षातही येणार नाही, सोमवार तोंडावर आहे. ती म्हणाली, एकीच्या आलंय. सोमवारी सकाळी नवी देते.

रविवारी उजाडताच तिनं सतरंजी अंथरली, स्टूल ओढलं आणि पेन्सिलीला टोक केलं. आई भिंतीला धरून खाली बसली, कुशीवर वळली, कोपर रोवलं. मग थांबून तिनं वर पाहिलं.

"हात देऊ नकोस," ती म्हणाली. "नीट बघ."