न झुकणारी सायकल

अंगठ्याला घंटी सापडली नाही. तिच्या जागी रबराचं गुळगुळीत बटण होतं, ते दाबलं गेलं की समोरच्या छोट्या पडद्यावरचे हिरवे आकडे पुसले जायचे आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात... पण सवय कुठली जायला, अंगठा आपला तिकडंच जायचा. आणि घंटी असती तरी वाजवायची कुणासाठी – समोर कपड्यांचं कपाट होतं, ते काही बाजूला सरणार नव्हतं.

ही एका जागी उभी राहणारी सायकल मुलानं आणली होती, ती खऱ्या सायकलवरून रस्त्यावर पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. "आई, हवी तेवढी चालव. खड्डे नाहीत, गाड्या नाहीत, ऊन नाही." खरंच होतं त्याचं. काहीच नव्हतं. खरी सायकल खाली जिन्याशेजारी उभी होती आणि आज संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई ती न्यायला येणार होत्या. द्यायची की नाही, ते तोवर तिनं सांगायचं होतं. तुझी इच्छा नसेल तर नाही देणार, मुलगा म्हणाला होता, आणि म्हणताना दुसरीकडे बघत होता.

ती डोळे मिटून पाय फिरवू लागली. डोळे मिटले की खोली विरघळायची आणि रोजचा रस्ता पायांखाली यायचा – आधी बेकरी, तिथली गरम हवा गालाला लागायची, मग शाळेची लांबलचक भिंत, मग तो चढ, जिथं हल्ली तिला जागेवरून उठून पेडल मारावं लागायचं. चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासण्यात तिची उभी हयात गेली होती, वय झालं तरी सकाळची पाळी तिनं सोडली नव्हती. हिच्या पायाला भिंगरी आहे, नवरा म्हणायचा.

नवरा... सायकल त्यानंच शिकवली, म्हणजे शिकवली कसली, शिकूच दिलं नाही. मागचं कॅरियर दोन्ही हातांनी घट्ट धरून धापा टाकत पळायचा; लोकांचे नवरे म्हणे हळूच सोडून देतात, यानं काही सोडलं नाही. मग एकदा तो तापानं पडला आणि ती एकटीच कोपऱ्यापर्यंत जाऊन आली, आणि बरेच दिवस त्याला सांगितलंच नाही... बिचारा, पळत राहिला. चांगला होता तो. मुलगा अगदी त्याच्यावर गेला होता.

चढ संपला. आता तिठा येणार.

पाय आपोआप मंदावले. त्या दिवशी इथंच... घरी तिनं सांगितलं होतं, खडी होती, चाक घसरलं. सगळ्यांना पटलं. खडी नव्हती. रस्ता स्वच्छ होता, कोवळं ऊन पडलं होतं, आणि तिठ्यावर येताच डावीकडचा रस्ता आणि उजवीकडचा रस्ता, दोन्ही तिला सारखेच ओळखीचे वाटले, सारखेच परके. मी कुठं निघालेय? इतकं साधं. हँडल थरथरलं, मग गुडघा आपटला, मग डांबराचा वास. साठी बुद्धी नाठी म्हणतात, तिची तर सत्तरीही उलटली होती, तरी ती म्हण आपल्याबद्दल आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. पडण्याची भीती नव्हती तिला, हाडं काय, जुळतात. पण तेव्हापासून ती रोज या खोलीत डोळे मिटून तिठ्यापर्यंत यायची आणि तिथं घाबरून डोळे उघडायची.

आज उघडले नाहीत. कोपऱ्यावरचं छत्र्यांचं दुकान आलं, आणि पुढे... काही आठवेना. पांढरं, नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात ती पाय मारत राहिली, आणखी जरा, आणखी जरा... आणि कंबर आपणहून डावीकडे झुकली. डावा खांदा खाली गेला, सायकलही बरोबर झुकणार म्हणून अंगाचा सगळा भार तिनं निर्धास्त सोडून दिला.

ही सायकल झुकणारी नव्हती.

दणका ऐकून सून स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. ती सतरंजीवर बसली होती, एक पाय अजून पेडलच्या पट्ट्यात.

"अहो आई, काय झालं? चक्कर आली?"

"वळत होते."

"वळत?"

"डावीकडे. कारखान्याकडे."

सुनेनं हसू ओठांत दाबलं आणि खाली बसून पट्टा सोडवू लागली. "उभ्या सायकलवरून पडणाऱ्या तुम्ही पहिल्याच. ह्यांना सांगू नका, नाहीतर हीसुद्धा काढून टाकतील."

तीही हसली, खूप दिवसांनी, पोटातून. डावीकडेच तर कारखाना – डोक्याला ठाऊक नव्हतं तेव्हा कंबरेला ठाऊक होतं. आनंद झाला तिला. पण रस्ता आता कंबरेत राहायला गेला असेल, तर डोक्यात काय उरलंय... आणि तिथून तो पुढे कुठं जाईल?

"त्या दिवशी खडी नव्हती," ती म्हणाली.

सुनेचे हात थांबले. "मग?"

"कुठं वळायचं तेच कळलं नाही गं."

पट्टा सुटला होता, तरी सुनेचा गार तळवा घोट्यावरच होता. इतके दिवस ही भीती एकटीची होती, झाकून सांभाळलेली. आता ती दोघींच्या मध्ये सतरंजीवर उघडी पडली होती, आणि वाटली होती त्याहून बरीच लहान दिसत होती... की लहान म्हणूनच आता कुणालाही उचलून मुलापर्यंत नेता येणार होती? संध्याकाळी सायकलचं काय सांगायचं, तिला अजून कळत नव्हतं. फक्त या ओल्या हातानं आपल्याला इतक्यात सोडू नये, असं तिला वाटत होतं, आणि असं वाटण्याची तिला जन्मात सवय नव्हती.