अक्षताची पट्टी

श्रीदेवीबाईंचं गायनपथक म्हणजे शुक्रवार पेठेतल्या त्या शाळेची इज्जत. शिपायापासून हेडसरांपर्यंत कुणालाही विचारा. समूहगीत स्पर्धेची फिरती ढाल सलग तीन वर्षं शाळेच्या कपाटात बसून होती, फिरायचं विसरूनच गेली होती म्हणा ना. चौदा पोरं, एक पेटी आणि पेटीमागं बाई. बाईंचा कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. कुणी कणभर सूर सोडला की पेटी थांबायची आणि चष्म्याच्या वरून नजर यायची. पोरं म्हणायची, त्यापेक्षा दोन फटके परवडले.

गाणं निवडायची बाईंची रीत ठरलेली. आधी गळा बघायचा, मग गाणं. तीन वर्षं तो गळा पायलचा होता. काळी पाचच्या पट्टीत पायल अशी खुलायची की परीक्षक लिहायचे थांबायचे. म्हणून गाणं काळी पाचात, अंतरा उंच, आणि अंतऱ्याची पहिली ओळ एकट्या पायलची. बाकीच्यांनी त्या पट्टीत आपापलं जमवून घ्यायचं. ज्याला जमत नाही त्याला बाई काढून टाकत नसत, रांग भरलेली दिसायला हवी ना! त्याला एवढंच सांगायच्या, "तू आपले नुसते ओठ हलव." बऱ्याच शाळांतून हे चालतं, बाईंनी काही नवं पाप केलं नव्हतं. पण पाप जुनं झालं म्हणून त्याचं पुण्य होतं का?

अक्षताला त्यांनी पाचवीत ओठ हलवायला सांगितलं. आता ती आठवीत होती. मधल्या रांगेत, डावीकडून दुसरी. सरावाला एक दिवस चुकली नाही. सगळ्या गाण्यांचे शब्द तिला तोंडपाठ, मान कुठं वळवायची, हसायचं कुठं, सगळं चोख. एका परीक्षकांनी तर तिच्या हावभावांचं भर सभेत कौतुक केलं होतं. तेव्हा बाईंना हसू आलं होतं. खरंच आलं होतं, लपवून काय करायचं?

संक्रांतीला भरलेली गावची गड्ड्याची यात्रा उठली आणि त्याच आठवड्यात, मंगळवारी, अक्षताची आई शरणम्मा शाळेत आली. पेठेतच त्यांचं भुसाराचं दुकान. नवरा गुरुशांत, वय पन्नासच्या आत, पण साखरेनं चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळे नेले आणि मग मूत्रपिंडं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालायचं, तेही आता शरीर सोसेना. शरणम्मा गायनाच्या खोलीच्या दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी आत येईना.

"बाई, त्यांचं काय खरं न्हाय आता," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणले, घरी न्हेवा. घरी आणलंय. खाणं न्हाय, बोलणं न्हाय. एकच धरून बसलेत, अक्कूचं गाणं ऐकायचं. ती वरची ओळ म्हणते बघा एकटीच, तेवढी. घरी म्हण म्हटलं तर म्हणत न्हाय ही, बाईंनी गळा जपायला सांगितलाय म्हणते. तुमीच पोरं घिऊन या की रविवारी. तेवढं केलंसा तर लई उपकार हुतील."

बाईंनी पोरीकडं बघितलं. अक्षता फरशीकडं बघत होती. रविवारी येतो, एवढंच बाईंच्या तोंडून निघालं.

आई गेल्यावर मग सगळं बाहेर आलं. पहिल्या वर्षी स्पर्धेहून घरी जाताना अप्पांनी रिक्षात विचारलं होतं, अक्कू, तुझा आवाज कुठला गं? त्यांना दिसत नव्हतं. नुसते ओठ हलवते हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ती म्हणाली, वरची ओळ माझी. झालं! अप्पा दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत बसले, आमच्या अक्कूचा गळा म्हणजे काय विचारू नका. तीन वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला शरणम्माचा हात धरून आले, पहिल्या रांगेत बसले आणि पायलच्या ओळीला मान डोलावून गेले. पायल अक्षताच्या मागच्याच रांगेत उभी असायची आणि त्या ओळीलाही अक्षता ओठ हलवायची, त्यामुळं शरणम्मालाही कधी संशय आला नाही.

"बाई, पायल म्हणू दे की," अक्षता रडत रडत म्हणाली. "अप्पांना दिसत न्हाय. त्यांना कळणारच न्हाय."

खोटं कशाला सांगायचं, बाईंना आधी हायसंच वाटलं. सोपं होतं. पायल म्हणेल, माणूस समाधानानं जाईल, कुणाचं काही बिघडणार नाही. घरी जाऊन त्यांनी भाकरी थापायला घेतल्या आणि तिसऱ्या भाकरीला हात थांबला. बाप चालला, आणि जाताना सोबत कुणाचा आवाज नेणार? दुसऱ्याच्या लेकीचा. आणि ही पोर जन्मभर काय घेऊन बसेल? बाईंच्या मनानं त्यांनाच विचारलं, श्रीदेवी, या पोरीचा गळा तू कधी नीट ऐकला तरी आहेस का? नव्हता ऐकला. पाचवीतल्या चाचणीत एक ओळ, तीही काळी पाचात, आणि मग "तू ओठ हलव". तव्यावरची भाकरी करपून गेली.

बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांनी अक्षताला थांबवून घेतलं. काळी पाच धरली आणि सा लाव म्हणाल्या. पोरगी घाबरून किंचाळली, सूर दाराबाहेर गेला. पांढरी सहा धरली, तेच. काळी चार, जरा बरं. पांढरी पाच. काळी तीन. बाई एकेक पट्टी खाली येत गेल्या, आणि पांढरी चारला आल्यावर अक्षतानं सा लावला तो लागला, आणि लागूनच राहिला. ढाला, भरदार, जरा खरखरीत आवाज. तेरा वर्षांच्या पोरीत असा आवाज क्वचित सापडतो. बाईंनी हात उचलला, पेटी गप्प झाली, सूर तसाच उभा.

पोरगी बेसूर नव्हती हो! कधीच नव्हती. पट्टी तिची नव्हती, एवढंच. आणि तीस वर्षं गाणं शिकवणाऱ्या बाईला हे कळू नये? बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"बाई, चुकलं का?" अक्षतानं विचारलं.

"तुझं न्हाय चुकलं," बाई म्हणाल्या. शाळेत शुद्ध बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून घरची बोली निघाली तेव्हा अक्षता दचकलीच.

मग गाण्याचा शोध. कपाटात तीस वर्षांची गाणी होती, पण चाळून बघतात तर काय, एकजात सगळी उंच गळ्यांसाठी बांधलेली. अंतरा आला की गाणं माडीवर चढलंच म्हणून समजा. अक्षतासाठी त्यात एक गाणं निघेना. शेवटी त्यांना केम गावच्या आपल्या आत्याचं गाणं आठवलं. परगावाहून कुणी घरी आलं की आत्या पायांवर पाणी घालता घालता ते म्हणायची. चार सुरांच्या वर जात नव्हतं ते.

"आली सांज दारी, गाय आली घरी,
थकल्या पावलांना पाणी घाल गं पोरी.
वाट लांबची होती, बसू दे घटकाभरी."

स्पर्धेला असलं गाणं कुणी नेलं तर लोक हसतील. बाईंनी पांढरी चार धरली आणि तीन दिवस चौदाही पोरांकडून ते घोटून घेतलं. पायल कुरकुरली, "बाई, हे मला लई खाली जातंय."

"मग तू हळू म्हण," बाई म्हणाल्या. "पुढं अक्षता म्हणेल."

मधल्या रांगेतल्या दोघातिघांनी एकमेकांकडं बघितलं. पण पायल पोरगी मनानं स्वच्छ. तिनं अक्षताचा पहिला सूर ऐकला आणि म्हणाली, "अगं, तुझा आवाज असा हाय व्हय? मग तीन वर्षं बोलली का न्हाईस?" बाईंनी पेटीवरून मान वर केली नाही.

रविवारी सकाळी दहाला सगळे दुकानावरचा जिना चढून वर गेले. गुरुशांत खाटेवर उशांना टेकून बसले होते. कपाळाला विभूती, अंगात कार्यक्रमांना घालायचा तो पांढरा सदरा, आता दोन माणसं मावतील एवढा ढगळ झालेला. पावलांचे आवाज ऐकून त्यांनी हात जोडले, दाराच्या जरा डावीकडं.

"बाई आल्या व्हय? बसा, बसा. शरणा, पोरांना आधी पाणी दे गं."

बाईंनी पेटी जमिनीवर मांडली. अक्षताला पुढं उभं केलं, बापापासून चार हातांवर. बाईंनी सूर धरला आणि मान हलवली. पोरीनं गाणं उचललं. पहिल्या ओळीत आवाज थोडा हलला, दुसरीला सावरला, तिसरीला तर खोली भरून राहिली. मागून तेरा जण हळूच म्हणत होते. शरणम्मा पाण्याची कळशी हातात धरून तशीच उभी राहिली.

गाणं संपलं. गुरुशांत मान डोलावत होते.

"छान," ते म्हणाले. "नवीन पोरगी हाय व्हय ही? चांगली म्हणती. जड आवाज हाय, पण गोड हाय." मग त्यांनी मान इकडंतिकडं वळवली. "आता आमच्या अक्कूला म्हणू द्या की, बाई. तिची वरची ओळ. तेवढीच ऐकायची राहिलीय."

अक्षताचं तोंड पांढरंफटक पडलं. तिनं मागं वळून पायलचा हात धरला आणि तिला पुढं ओढलं. डोळ्यांनीच विनवत होती, म्हण, म्हण. पायलनं बाईंकडं बघितलं. बाईंनी एक मान हलवायची होती फक्त. पायल म्हणाली असती आणि माणूस हसत गेला असता.

बाईंनी पेटीचा भाता मिटला.

"गुरुशांतअप्पा," त्या म्हणाल्या, "आत्ता म्हणाली ती अक्षताच. वरची ओळ तिची कधीच नव्हती. ती पायलची. तुमच्या लेकीला मी तीन वर्षं नुसते ओठ हलवायला लावले. तिचा गळा खालच्या पट्टीचा, आणि मला ढाल हवी होती. ती तुमच्याशी खोटं बोलली ते माझ्यामुळं. तिला काही बोलू नका. मला बोला."

शरणम्मानं कळशी खाली टेकवली.

गुरुशांतांनी मान बाईंच्या आवाजाकडं वळवली. मग म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं मी दुसऱ्याच्याच लेकीचं कौतुक करत बसलो व्हय?" आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसलं नाही. "बाई, माझ्याकडं लई वर्षं नव्हती हो. त्यातली तीन तुमी घालवलीसा."

"व्हय," बाई म्हणाल्या.

त्यांनी आंधळा हात पुढं केला. "पायल कोण? हितं ये, बाळ." पायल गेली. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तू लई सुख दिलंस मला. तुझं तुला मिळू दे. आता हो बाजूला. अक्कू, तू ये. रडू नगंस. हितं बस, खाटेवर."

अक्षता बसली. त्यांनी तिचा खांदा चाचपला, मग मान, आणि दोन बोटं तिच्या गळ्यावर टेकवली.

"म्हण आता."

ती म्हणू लागली. पेटी नाही, मागं कुणी नाही. हुंदक्यानं ओळ दोनदा तुटली, तिनं दोनदा जोडली. बापाची बोटं गळ्यावर तशीच होती. आवाज खरंच तिथनं येतोय का, हे तो माणूस हातानं ऐकत होता. संपल्यावर म्हणाले, "इन्नोम्मे." कानडीत म्हणजे आणखी एकदा. तिनं म्हटलं. "इन्नोम्मे." तिनं परत म्हटलं.

चौथ्या खेपेला त्यांनी बाईंच्या दिशेनं मान वळवली. "बाई, तुमी जावा आता. पोरांना घिऊन जावा. हे आमचं आमी ऐकतो."

बाई तेरा पोरांना घेऊन जिना उतरल्या. अपमान म्हणावा तर तो नव्हता, आणि माफी म्हणावी तर तीही नव्हती. जे होतं ते त्यांनी पदरात घेतलं आणि गल्लीतून शाळेकडं चालू लागल्या.

गुरुशांत गुरुवारी गेले. तेराव्या दिवसानंतर बाई भेटायला गेल्या तेव्हा दुकान उघडं होतं आणि शरणम्मा गल्ल्यावर बसली होती. तीच आपणहून बोलली.

"शेवटचे दोन दिवस त्यांना कुणाची वळख न्हवती, बाई. मी हाक मारली तर कोण म्हणायचे. भाऊ आले, त्यांनाबी कोण म्हणले. अक्कू नुसती बोलली तर तिलाबी कोण म्हणायचे." तिनं डोळे पुसले. "पण तिनं ते गाणं धरलं की म्हणायचे, अक्कू आली."