धाकटीचा उतरता आकडा

धाकटीचा रक्ताचा रिपोर्ट आला की ती तो आधी आईला दाखवायची आणि मग थोरल्या बहिणीला. थोरलीला हे खुपायचं, कारण या दुखण्यात सीनियर ती होती.

तिला ते तीन वर्षांपूर्वी कळलं. साध्या तपासणीत रक्तातलं प्रथिन थोडं जास्त निघालं, तिथून वाट रक्तविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी सांगितलं की हाडांच्या मज्जेतल्या काही पेशी एकाच साच्याचं प्रथिन विनाकारण बनवत बसल्यात. हा अजून मायलोमा, म्हणजे मज्जेचा कॅन्सर, झालेला नाही; त्याच्या अलीकडची अवस्था आहे. बहुतेकांचं आयुष्य याच अवस्थेत निघून जातं, फक्त लक्ष ठेवावं लागतं. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीवर पेन टेकवून त्या म्हणाल्या होत्या, "कॅपा आणि लॅम्डा असे दोन प्रकारचे तुकडे रक्तात असतात. हे त्यांचं गुणोत्तर. एकच्या आसपास हवं, तुमचं चार आहे. वाढत नाही ना, एवढंच बघत राहू."

थोरलीने हे वाक्य जपून घरी आणलं. नवऱ्याबरोबर चष्म्याचं दुकान चालवता चालवता ती नात्यातल्या कुणालाही गुणोत्तर समजावून सांगू लागली. घरात तिच्या दुखण्याला थोडा मान मिळाला. आई फोनवर आधी तिची चौकशी करायची आणि मग इतरांची. हे सुख वर्षभर टिकलं.

मग धाकटीने स्वतःचं रक्त तपासून घेतलं. ताईला आहे तर मलाही बघा, म्हणून ती लॅबमध्ये हटून बसली. खरोखरच निघालं. लहानपणी थोरलीला फ्रॉक शिवला की हिला तस्साच हवा असायचा, त्यातलाच हा प्रकार, असं थोरलीच्या मनात आलं. ते तिने फक्त नवऱ्याला सांगितलं. तो भिंगाची कड घासत होता. घासता घासता म्हणाला, "फ्रॉक निदान आवडीने मागतात गं."

धाकटी एकदा तिच्या घराजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांना भेटून आली. त्यांनी सहा महिन्यांनी रिपोर्ट घेऊन परत यायला सांगितलं होतं. पण तिच्या ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटांचा हंगाम होता, आणि रिपोर्ट वाचायला घरची ताई होती. तो वाचायचा कसा, हे थोरलीनेच शिकवलं. सगळी पानं चाळत बसू नकोस, मधे लाल अक्षरं असतातच, माझ्याही रिपोर्टात आहेत. शेवटची ओळ बघायची. आकडा खाली आला की आपण जिंकलो.

आणि धाकटीचा आकडा खाली येऊ लागला.

पहिला होता ०.१५. पुढच्या खेपेला ०.०८. थोरलीचा चारचा आकडा चार पॉइंट एक झाला, मग तीन पॉइंट नऊ, मग परत चार. जागचा हलेना. धाकटी आईकडे जाऊन सांगे की आपण सकाळी चालायला लागलोय, साखर सोडलीय, झोपेचं वेळापत्रक पाळतोय. आई ते थोरलीला ऐकवायची. "तीही तुझ्यासारखंच काम आणि संसार सांभाळते. पण मनावर घेतलं तिने."

थोरलीनेही साखर सोडली. पहाटे उठून चालू लागली. वाटेत भेटणाऱ्यांना सांगायची, गुडघ्यांसाठी चालते. गुणोत्तर चारवरच राहिलं.

तिसरा रिपोर्ट धाकटीने घरच्या ग्रुपवरच टाकला. ०.०४. खाली भाच्यांच्या टाळ्या, भावाचा अंगठा, आईचा हात जोडलेला फोटो. थोरलीने लिहिलं, "अभिनंदन." आणि फोन चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांमध्ये ठेवून दिला. दिवसभर गिऱ्हाइकांशी ती इतकं गोड बोलली की नवरा दोनदा वळून बघून गेला.

म्हणून वर्षाच्या तपासणीला गेली तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंना विचारलंच. बाई खूश होत्या. सगळं स्थिर आहे, पुढच्या वर्षी या, म्हणाल्या. थोरली खुर्चीतून उठेना. तिने विचारलं, माझ्या बहिणीचं गुणोत्तर पॉइंट झिरो फोरवर आलं, मग माझंच का उतरत नाही? ती असं वेगळं काय करते?

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आधी किती होतं?"

थोरलीने तिन्ही आकडे तोंडपाठ सांगितले. दुसऱ्याचे मार्क पाठ असावेत, तसे.

बाईंनी सांगितलं की न पाहिलेल्या पेशंटबद्दल त्या काही ठरवू शकत नाहीत. पण गुणोत्तर म्हणजे काय हे त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. वर कॅपा, खाली लॅम्डा. थोरलीच्या रक्तात वरचा तुकडा जास्त आहे, म्हणून भागाकार मोठा येतो. ज्यांचा खालचा तुकडा वाढतो, त्यांचा भागाकार लहान होत जातो. लॅम्डा जितका वाढेल, तितका आकडा शून्याकडे सरकेल.

"म्हणजे तिचं उतरतंय ते..."

"उतरत नसेलही. लांब जात असेल. त्यांना याच आठवड्यात पाठवा, सगळी पानं घेऊन."

जिना उतरताना थोरलीला दुकानातली गिऱ्हाइकं आठवली. मायनस दोनचा मायनस चार झाला की काही जण खुशीत विचारायचे, नंबर कमी झाला ना? ती त्यांना हसायची. नंबर शून्यापासून किती दूर आहे ते बघा, मग तो कुठल्या का बाजूला असेना, हे तिने शेकडो लोकांना समजावलं होतं. इथे तर शून्यसुद्धा चांगलं नव्हतं, मुक्काम एक होता. दोघी त्याच्या दोन बाजूंना उभ्या होत्या, आणि ती पुढे गेली म्हणून ही जळत होती.

खालच्या पायरीवर पोचेपर्यंत तिला थोडं हलकं वाटलं होतं. धाकटी पुढे गेलेली नव्हती. रस्त्यावर येताच त्या हलकेपणाची तिला इतकी भीती वाटली की हात दाखवूनही तिने समोर थांबलेली रिक्षा सोडून दिली.

तिने फोन लावला. धाकटीने अर्धं ऐकलं आणि हसून म्हणाली की संध्याकाळी बोलू. संध्याकाळी तिने फोन उचलला नाही. आईला सांगावं तर आई म्हणणार, आता तिच्या बऱ्या होण्यावरही तुझा डोळा. नवऱ्याशी बोलून काही सुटेना. तो एवढंच म्हणाला, "तू नाही सांगितलंस तर दुसरं कोण सांगणार आहे?"

दुसऱ्या दिवशी ती ट्रॅव्हल ऑफिसात गेली. काचेच्या टेबलापलीकडे धाकटी एका जोडप्याला तिकिटाची तारीख बदलून देत होती. ते गेल्यावर थोरली त्यांच्या खुर्चीत बसली आणि वरचा-खालचा भागाकार सांगू लागली. धाकटी टेबलावरची माहितीपत्रकं एकसारखी रचत राहिली.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "ताई, तुला माझं चांगलं झालेलं बघवतच नाही."

थोरलीने नकार देण्यासाठी तोंड उघडलं होतं. पण नकार दिला तर ही उठून जाईल, हे तिला दिसलं.

"नाही बघवत," ती म्हणाली. "तुझं लग्न माझ्याआधी ठरलं ते बघवलं नाही. आईला चहा तुझ्याच हातचा लागतो, तेही नाही बघवत. हा आकडा उतरला तेव्हा मला झोप नव्हती, चिमे. म्हणून तर डॉक्टरांना विचारायला गेले. नाहीतर तुझ्या रक्ताची चौकशी मी कशाला केली असती? आता फोन काढ आणि लॅम्डाची ओळ वाच."

चिमी हे लहानपणचं नाव बऱ्याच दिवसांनी निघालं होतं. धाकटीने फोन काढला. पहिल्या रिपोर्टात बासष्ट. दुसऱ्यात एकशे दहा. तिसऱ्यात दोनशे तीस, शेजारी वर तोंड केलेला लाल बाण. नॉर्मलची हद्द बाजूलाच छापली होती, सव्वीसच्या आसपास. कॅपा तिन्ही वेळा नऊच्या आगेमागे.

"तूच म्हणाली होतीस शेवटची ओळ बघ."

"मीच म्हणाले होते."

धाकटीने माहितीपत्रकांची चळत परत मोडली. साहेबांना सांगून येते, म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी थोरलीला कधी दहा मिनिटांहून जास्त दिली नव्हती. धाकटी आत गेली ती तासभर बाहेर आली नाही. थोरली बाकावर बसून बंद दाराकडे बघत होती. आत एवढं काय बोलतात, असं वाटून तिला तोच ओळखीचा हेवा वाटला. आता तरी नको, असं तिने स्वतःला बजावलं. हेवा गेला नाही.

धाकटी बाहेर आली तेव्हा हातात तपासण्यांचे कागद होते. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, मूत्रपिंड, लघवी, हाडांचा स्कॅन, मज्जेचा नमुना. बाई म्हणाल्या होत्या की अजून कुठलंही नाव द्यायचं नाही. हा मायलोमा असेलच असं नाही. पण लॅम्डा या वेगाने चढत असताना आणखी सहा महिने जाऊ देणं बरं नव्हतं, मूत्रपिंडावर आलं असतं.

"मज्जेचा नमुना काढताना फार दुखतं का?" धाकटीने विचारलं.

"मला कधी काढावाच लागला नाही."

धाकटी म्हणाली, "बरं झालं तू जळतेस." हसत म्हणाली, पण कागद पुन्हा पुन्हा खालीवर करत राहिली. थोरलीने ते काढून घेतले आणि आपल्या पर्समध्ये ठेवले.

रक्त द्यायच्या खोलीत धाकटीने बाही वर केली. थोरलीची शीर सापडायला दोन-तीन टोचण्या लागायच्या, नंतर आठवडाभर हात काळानिळा. सिस्टरने धाकटीच्या दंडाला पट्टा बांधला, एकदा चाचपलं आणि एका फटक्यात सुई आत. वर म्हणाली, अशा शिरा असल्या की आमचं काम किती सोपं होतं.

थोरलीने ते ऐकलं. धाकटीने सुईकडे बघायचं टाळून मान तिच्याकडे वळवली होती, म्हणून थोरलीने चेहरा सरळ ठेवला आणि तिचा दुसरा हात घट्ट धरून उभी राहिली.