निरोपाच्या दिवशी लागलेला दिवा

माझा धाकटा भाऊ तादाओ लहानपणापासून हट्टी, पण एका डबीपायी तो इतका ताळ सोडेल असं वाटलं नव्हतं. डबी म्हणजे त्याच्या लेकीचा, होनोकाचा, गेम खेळायचा कन्सोल. गुलाबी, पुस्तकासारखा मिटणारा. पोरगी इस्पितळातच गेली. बायको त्याआधीच गेलेली. घरात उरले तादाओ आणि ती डबी.

तो कन्सोल मिटून खिशात ठेवला तरी जागा असतो. तसलाच कन्सोल घेऊन कुणी शेजारून गेलं की दोन्ही यंत्रं आपसूक एकमेकांना नमस्कार करतात. त्याने स्वतःसारखी केलेली बाहुली तुमच्या पडद्यावरच्या चौकात येते, तुमची त्याच्या चौकात जाते. बाहुलीसोबत मालकाने लिहून ठेवलेलं एक वाक्य जातं, आणि डबीच्या कडेला हिरवा दिवा लागतो. तादाओ ती छातीच्या खिशात घालून रोज दुपारी मात्सुमोतो स्टेशनपासून किल्ल्याच्या खंदकापर्यंत चालायचा. "होनोका फिरून आली," असं वर मला सांगायचा.

होनोकाचं शेवटचं वाक्य त्याने बदललं नव्हतं. 'हळू चाल, मी आलेच.' हे आपल्यासाठीच लिहिलंय, असं तो धरून चालला होता. त्याची चाल आहेच तरातरा. पोरगी नेहमी मागे पडायची.

पहिल्या वर्षी दिवा बऱ्याचदा लागायचा. मग जो तो फोनवर खेळायला लागला, आणि दिवा लागायचा बंद झाला. माझी सून मिओ एकदा त्याला म्हणाली, "मामा, फोन घ्या ना चांगला. सगळे गेम आहेत त्यात. जगभरचे लोक भेटतात."

"जगभरचे भेटतात," तादाओ म्हणाला, "पण शेजारून गेलेलं माणूस भेटत नाही त्यात. आणि होनोका कुठाय त्यात?"

मीच म्हणाले, "तू आणि तुझी डबी, दोघंही भंगारात जायच्या लायकीचे." असं बोलल्याशिवाय मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

यंदा बोनच्या सणात, पितर घरी आलेले असताना, तो माझ्या लाँड्रीत येऊन बसला. काउंटरवर काकडीचा घोडा होता, पितरांना बसून यायला केलेला. त्याच्याकडे बघत म्हणाला, "ताई, सोळा तारखेला पितरांच्या निरोपाचा जाळ करायच्या आधी ही देवळात देऊन टाकतो. बाहुल्या देतात ना लोक, मंत्र म्हणून जाळायला? तशी."

"बॅटरीवालं जाळत नाहीत तिथे."

"बॅटरी काढून देईन. तिला कुणी भेटतच नाही गं. एकटीला किती फिरवू?"

त्या डबीसाठी तरी तो रोज मोजे चढवून घराबाहेर पडत होता. ती गेली की हा पांघरूण ओढून पडणार आणि उठणार नाही, हे मला दिसत होतं. पाठचा भाऊ आहे माझा. मला त्याला असा जाऊ द्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. कानात बाळी घातलेल्या पोराने एक निळा कन्सोल पुढे केला. "हा स्वस्त आहे, आजी. ज्या बाईंनी आणून दिला त्यांची अट आहे, आतलं काही पुसायचं नाही. मुलगा गेला त्यांचा. म्हणून कुणी घेत नाही."

"मला कुठे खेळायचंय? नमस्कार करता आला की झालं."

त्याने चालू करून मिटून दिला. मी आत बघितलंसुद्धा नाही. बेत साधा होता. तादाओ आला की ही निळी डबी अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवून त्याच्यासमोर बसायचं. दिवा लागला की कुणीतरी रस्त्याने गेलं असेल म्हणायचं.

सोळाला देवळात जायच्या आधी तो चहाला थांबला. मी चहा ओतेपर्यंत त्याच्या छातीवर हिरवा उजेड पडला.

"ताई, दिवा."

"असेल कुणी रस्त्यावर."

त्याने झाकण उघडलं. चौकात टोपी घातलेला एक मुलगा धावत आला. नाव रित्सु. त्याचं वाक्य होतं, 'आज तरी सोडतील का आपल्याला?' खाली होनोकाशी झालेल्या भेटींचा आकडा होता. तीन आकडी.

तादाओने तो आकडा पुन्हा वाचला. "अगं, शेवटचं वर्षभर ती खाटेवरून उठली नव्हती. इतक्या वेळा कोण भेटणार?" मग स्वतःशीच म्हणाला, "भिंतीपलीकडे एक पोरगा होता. दोघं भिंतीवर टकटक करायची. होनोकाच्या आधी त्याची खाट रिकामी झाली. मग हा आत्ता कुठून आला?"

मी मागे कपड्यांच्या आड गेले आणि निळी डबी उघडली. रित्सुच्या चौकात होनोका नुकतीच आलेली होती, हात हलवत. खाली तिची जुनी वाक्यं एकाखाली एक. 'आज इडलिंबू खाल्लं.' 'तू झोपलास का?' आणि सगळ्यात वर आजचं, नवं. 'हळू चाल, मी आलेच.'

हे वाक्य रित्सुला तो जिवंत असताना मिळालंच नव्हतं. त्याची खाट रिकामी झाल्यावर पोरीने ते लिहिलं होतं. बापाच्या खिशात बसून ते इतकी वर्षं गावभर हिंडलं, ज्याच्यासाठी लिहिलं त्याला शोधत. बाप समजत होता, आपल्यासाठीच आहे.

हे त्याला कसं सांगणार? मी डबी मिटून खिशात टाकली आणि बाहेर आले.

तो देवळात गेला नाही. दिवस कलल्यावर आम्ही दारात भूर्जाची साल पेटवली. गल्लीत घराघरापुढे जाळ होते, आणि लोक आपापल्या माणसांना म्हणत होते, सांभाळून जा. तादाओ छातीवर हात ठेवून उभा होता.

"उद्या येईल का गं तो पोरगा?"

सगळा गाव मेलेल्यांना वाटेला लावत होता, आणि आम्ही दोघं भावंडं दोन पोरांना खिशात धरून उभी होतो. अ‍ॅप्रनच्या खिशातली डबी मांडीला गरम लागत होती. मला भीती वाटली. तरी मी म्हणाले, "येईल. तू मोजे घालून वेळेवर ये म्हणजे झालं."