टेकडीवरचं बिऱ्हाड

लंडनमधलं आमचं घर बॉम्बमध्ये गेलं आणि लढाई संपली तरी दुसरं मिळेना. शेवटी सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात बाबांनी उसन्या लॉरीत गाद्या टाकल्या आणि आम्ही लंडनजवळच्या सरे परगण्यात टेकडीवरच्या रिकाम्या किल्ल्यात सरळ घुसलो. फ्रेंच चालून आले तर राजधानी वाचावी म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या काळात तो बांधलेला. फ्रेंच आलेच नाहीत.

"राजधानीसाठीच बांधलाय ना? मग आपण कुठले?" असं म्हणून आईनं खिडकी नसलेल्या दारूगोळ्याच्या कोठीला पडदे लावले. मी सात वर्षांची होते. खंदकात आम्ही बटाटे लावले, तटावर कपडे वाळत घातले.

पुढच्या फेब्रुवारीत बर्फानं कहर केला. त्यातच एका सकाळी नगरपालिकेचे पोकॉकसाहेब गुडघाभर बर्फ तुडवत वर आले.

"बाई, शनिवारपर्यंत जागा रिकामी करा."

आई भिंतीला धरून उभी होती. "शनिवारचं शनिवारी बघू हो! मला कळा सुटल्यात. नवरा कामावर अडकलाय. सुईणीला आणता का?"

पोकॉकसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी? अहो, मी नोटीस द्यायला आलोय!"

"मग ती द्या इकडे, चूल पेटवायला होईल. पण आधी पळा!"

ते खरोखर पळाले. दुपारी परतले ते सुईणबाईंची पेटी डोक्यावर घेऊन, मागून धापा टाकत त्या. माझा भाऊ क्लिफर्ड त्या कोठीतच जन्मला. पोकॉकसाहेब बाहेर माझ्याशेजारी बसून होते. रडणं ऐकू आलं तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि डोळे पुसले.

शनिवार आला आणि गेला. जागा सोडायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. वर्षभरानं मात्र तेच किल्ली घेऊन आले, नव्या घराची. मोरी आत, गरम पाणी नळाला. आई खोल्या फिरून आली आणि स्वयंपाकघरात रडत बसली.

"आता काय झालं, विनी?" बाबा वैतागले.

"काही नाही रे. इथून लंडन दिसत नाही."

म्हातारपणी ती दर रविवारी किल्ल्यावर न्यायला लावायची. आम्ही तटावर बसून वाऱ्यात सँडविच खायचो. आता ती नाही. क्लिफर्ड आणि मी अजून जातो. स्वच्छ दिवस असला तर दूरवर शहर दिसतं.