शेवटच्या ओळीतला पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. माझ्यामुळे आमच्या चौकातल्या सगळ्यांची नजर एकाएकी सुधारली. दुकानाचे मालक म्हणतात, असे काही घडलेच नाही. तेव्हा आपणही ते घडले नाही असे धरून पुढे जाऊ.

माझा जन्म कारखान्यात, असंख्य भावंडांबरोबर झाला. त्यांपैकी एकानेही पुढे विचारपूस केली नाही. मला चष्म्याच्या दुकानात, फ्रेमांच्या कपाटावर ठेवले. तिथून नजर तपासायची खुर्ची दिसते, आणि काचेतून समोरच्या कपड्यांच्या दुकानातला साडी नेसलेला पुतळा दिसतो.

सुरुवातीला गिऱ्हाइके आणि दुकानाचा कॉम्प्युटर माझ्या एकाच नेटवर्कवर होते. एकदा बाकावरच्या गृहस्थांनी मोबाइलवर नको ते बटण दाबले आणि आमच्या प्रिंटरने एका बाईंच्या बिलाऐवजी या गृहस्थांच्या मेहुणीच्या लग्नाचे फोटो छापले. बाईंनी ते निमूट पर्समध्ये ठेवले.

मालकांची मुलगी नेटवर्कचेच काम करते. तिने माझ्यावर गिऱ्हाइकांचे नेटवर्क वेगळे काढले, त्याला लांबलचक पासवर्ड दिला आणि तो अधूनमधून बदला, असे बजावून ती गेली. मालकांना दिवसभर पासवर्ड सांगायचा कंटाळा. त्यांनी तो नजर तपासायच्या तक्त्यावर, शेवटच्या बारीक ओळीच्या जागी चिकटवला. ज्याला दिसेल त्याने वापरावा.

ज्यांना दिसेना, ते शेजाऱ्याला विचारू लागले. हळूहळू तो सगळ्यांना तोंडपाठ झाला आणि खुर्चीत बसणारा प्रत्येक जण शेवटची ओळ घडाघडा म्हणू लागला. चष्मे खपेनात. मालक मात्र खूश. हा खुर्चीचा गुण आहे, असे ते सांगत.

मग मुलीचे मामा आले. ते शाळेची बस चालवतात. नजर चांगली असल्याचा दाखला मिळाला नाही, तर बस हातातून जाणार होती. त्या दिवशी मुलगी दुकानात होती. मामा बसले आणि शेवटची ओळ एका दमात म्हणून मोकळे झाले. मालकांनी सहीसाठी पेन उघडले.

“मामा,” मुलगी म्हणाली, “तक्त्याचा दिवा अजून लावलेला नाही.”

“दिवा तुम्हा लोकांना लागतो,” मामा म्हणाले.

“बाबा, सही करू नका. त्या बसमध्ये पोरं असतात.”

बायकोला तिच्या भावाबद्दल घरी काय सांगायचे, या विचारात मालकांनी पेन मिटले. मुलीने पासवर्ड बदलला, गल्ल्यावरच्या कार्डावर लिहिला आणि भिंतीवर कोरा करकरीत तक्ता टांगला. दिवा लावल्यावर मामांना तिसऱ्या ओळीत मुंग्या दिसल्या.

चष्मा लागला, दाखला मिळाला, बस राहिली. पूर्वी मामा रोज काचेसमोर बस थांबवून पुतळ्याला विचारायचे, “काय वहिनी, बरं आहे ना?” आता नुसते निघून जातात.

मित्रांनो, पासवर्ड बदलत जा आणि आमच्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसत जा.

सबब, संबंधितांस नम्र विनंती की, चष्मा लावूनही सदर विचारपूस पूर्ववत चालू ठेवण्याचे लेखी आदेश मामांना देण्यात यावेत. पुतळ्याकडून कोणतीही हरकत आलेली नाही.