बोटभर पुढे

"डोकं उठवलंय मेल्यानं! कानाशी डास गुणगुणावा तसं चाललंय मघापासून."

ही कुरकुर नव्या बाईंची. गणित विभागाच्या खोलीत त्या उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या आणि मी त्यांच्या कोपराला लागून टिकटिकत होतो. खरं तर मला चावी त्यांनीच दिली होती. या टेबलाशी जो बसतो तो विचार करता करता माझं बटण फिरवतो, आणि मग कटकट करतो म्हणून मलाच बोलतो.

तर मित्रांनो, तो मेला म्हणजे मी. गणित विभागाचा जुना टायमर. बटण हव्या त्या आकड्यापर्यंत फिरवलं की माझी आतली स्प्रिंग आवळते. मग काटा टिकटिकत शून्याकडे येतो आणि मी कडाडून वाजतो. एवढंच माझं काम. पण या एवढ्याशा कामावर काय काय लटकलेलं असतं ते ऐकलंत, तर तुम्हालाही माझ्यासारखंच चैन पडणार नाही.

मी शाळेसाठी जन्मलोच नव्हतो. मला घडवलं ते स्वयंपाकघरासाठी. अंडी कधी उतरवायची आणि केक कधी बाहेर काढायचा, हे सांगायला. माझ्या कपाळावर एक पिवळी कोंबडीसुद्धा होती. एका घरात काही वर्षं सुखात गेली. पुढे त्या घरी नवा ओव्हन आला, त्याला स्वतःचाच टायमर होता, आणि मी अडगळ झालो. घरधनी गणिताचे शिक्षक होते. चष्म्याची भिंगं जाड, म्हणून मुलं त्यांना भिंगवाले सर म्हणत. सरांनी मला खिशात घालून शाळेत आणलं आणि चाकूच्या टोकानं कोंबडी खरवडून काढली. म्हणाले, "आजपासून अंडी बंद. आता डोकी शिजवायची." कोंबडी गेली, पण तिचा एक पाय अजून चिकटून आहे. नवं कुणी आलं की हमखास विचारतं, हे काय आहे म्हणून.

आमच्या शाळेत मुलं वरच्या इयत्तांत जाण्याआधी एक चाचणी होते. तिच्यात पास-नापास काही नसतं. मुलांना गणित कितपत येतं ते पाहायचं आणि त्यावरून त्यांना दोनपैकी एका अभ्यासक्रमात बसवायचं. कागदावर त्यांची नावं मोठी सभ्य आहेत, 'पायाभूत' आणि 'प्रगत'. मुलं सरळ खालचं गणित आणि वरचं गणित म्हणतात. खालचं मिळालं की पुढच्या काही वाटा तिथंच मिटतात. हे शिक्षक हळू आवाजात सांगतात आणि आई-वडील मोठ्या.

चाचणी पाऊण तासाची. सरांनी माझ्या तबकडीवर बरोबर पाऊण तासाच्या जागी लाल ठिपका दिला. लांबोळक्या खोलीत पुढच्या टेबलावर मला ठेवायचं, बटण ठिपक्याला भिडवायचं आणि म्हणायचं, "करा सुरुवात." मग सगळी पोरं मान खाली घालून लिहू लागत. मधूनच एकेक मान वर होई आणि माझ्याकडे बघे. किती प्रकारचे डोळे मी पाहिले! काही मला विनवायचे, काही मला खाऊ की गिळू करायचे. सर मात्र माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणायचे, "या विभागात कधी रजा न घेणारा हा एकटाच." त्या दिवसांत मी जरा फुशारलेलाच असायचो.

मग एका वर्षी सर्वांत आधी पेपर देण्याच्या नादात एका लंबूटांग मुलाचा कोपर मला लागला आणि मी फरशीवर आपटलो. काचेला तडा गेला. तो दिसत होता, म्हणून सगळे हळहळले. आत काय हललं ते कुणालाच दिसलं नाही. सरांनी मला आपल्या मनगटी घड्याळाशी लावून पाहिलं तेव्हा कळलं, की मी पुढे धावतोय.

"काय रे, कुठे आग लागलीय?" सरांनी मला विचारलं.

नवा टायमर आणू, असं कुणीतरी म्हणालं. सर म्हणाले, "माणसालाही एखादी खोड असते. म्हणून काय त्याला उचलून फेकतो का आपण? सांभाळून घ्यायचं." आणि त्यांनी बोट लावून माप काढलं. बटण लाल ठिपक्यावर न थांबवता ठिपक्याच्या पुढे बोटभर न्यायचं, की पाऊण तास बरोबर भरतो. बोटभर पुढे. झालं काम!

सरांच्या शेजारी तेव्हा एक तरुण शिक्षिका उभ्या असत. त्यांनी ते बघून बघून उचललं. सर निवृत्त झाले आणि त्या विभागप्रमुख झाल्या. आता सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. दर वर्षी मला चावी त्याच देत आल्या. ठिपका आला की त्यांचं बोट आपसूक पुढे सरके. विभागातल्या भूमितीच्या सरांनाही हे ठाऊक होतं. पण लिहून कुणी ठेवलं नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट लिहायची कशाला?

यंदा चाचणीच्या दिवशीच मुख्याध्यापकांनी मोठ्या बाईंना पालकांच्या बैठकीला बोलावून घेतलं. त्या घाईघाईनं निघाल्या आणि दारातून नव्या बाईंना म्हणाल्या, "अगं, पाऊण तासावर लाव. लाल ठिपका आहे बघ."

बाकीचं त्यांच्या बोटाला माहीत होतं, तोंडाला नव्हतं.

नव्या बाईंनी तसंच केलं. अगदी डोळा बारीक करून, ठिपक्याला काटा भिडवून. मी काय करणार मित्रांनो? मला वाजता येतं, बोलता येत नाही. खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद पडलेलं. फोन आणि मनगटी घड्याळं सगळ्यांची, बाईंचीसुद्धा, नियमाप्रमाणे कपाटात. मी धावत सुटलो. थांबावं म्हटलं तरी स्प्रिंग आवळलेली.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. वर्गात तिला सगळे मुंगी म्हणतात. चण बारीक, आणि कामाची तऱ्हाही तशीच. आधी आकृती काढेल. मग समीकरण मांडेल. उत्तर आलं की ते परत समीकरणात घालून पाहील, दोन्ही बाजू सारख्या आल्या की हळूच मान हलवेल, मगच पुढचं गणित. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्यासोबत ती एकदा इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्रघरात गेली होती, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच खूळ बसलं. लिफ्टची आखणी करणाऱ्यांत आपण जायचं. त्याला वरचं गणित लागतं.

मी वाजलो तेव्हा मुंगीचं शेवटचं गणित अर्ध्यावर होतं.

"बाई, वेळ लवकर संपला," ती उभी राहून म्हणाली.

मागून हशा पिकला. "आली मुंगी रांगेत!" कुणीतरी ओरडलं.

"बाळा, तो दर परीक्षेत लवकरच संपतो," नव्या बाई हसून म्हणाल्या. "दे पेपर."

आणि खरंच आहे. जे प्रत्येक परीक्षेनंतर प्रत्येक जण म्हणतो, ते एखाद्या दिवशी खरं असलं तर ओळखायचं कसं?

दुसऱ्या दिवशी ती सुरुवातीची कुरकुर झाली, पेपर तपासून झाले आणि निकाल फळ्यावर लागला. वरच्या गणितात यंदा नेहमीपेक्षा फारच कमी मुलं बसली. मुंगी त्यांत नव्हती. थोडक्यात हुकली होती.

"बॅचच कच्ची आहे यंदाची," भूमितीचे सर म्हणाले. "पोरांचं लक्ष कुठे असतं हल्ली?"

"पण सर, चुकलेली गणितं फार नाहीत," नव्या बाई पेपर चाळत म्हणाल्या. "शेवटची पानं कोरी आहेत. जवळजवळ सगळ्यांची. माझं काही चुकलं का हो?"

मोठ्या बाई टेबलाशी बसल्या होत्या. विचार करता करता त्यांनी सवयीनं माझं बटण धरलं आणि फिरवलं. ठिपका आला. बोट आपसूक ठिपक्याच्या पुढे सरकलं, आणि तिथेच थिजलं.

मला त्यांच्या बोटाचा घाम जाणवला.

त्यांनी मान वर केली. भूमितीचे सर त्यांच्याकडेच बघत होते. सरांचीही नजर आधी माझ्यावर गेली, मग खिडकीकडे.

"चहा सांगू का?" सर म्हणाले.

"सांगा," मोठ्या बाई म्हणाल्या. आणि नव्या बाईंकडे न बघता, "तुझं काही नाही चुकलं गं." मग मला उचलून त्यांनी खणात टाकलं, टिकटिकत असतानाच, आणि खण बंद केला. आत गठ्ठ्यांच्या मधोमध मी एकटाच वाजलो.

त्यानंतर त्या खोलीत कुणी धड बसेना. खुर्च्या सरकत, कपाट उघडे, कपाट मिटे. वेळापत्रक छापून झालं होतं, तुकड्या पडल्या होत्या, पुढच्या बैठकीत पालकांना आकडे सांगून झाले होते. मुख्याध्यापक "कधी नव्हे ते सगळं वेळेत झालं" म्हणून खूश होते. मोठ्या बाई दोनदा खणाशी आल्या. मूठ धरली, सोडली. भूमितीचे सर कुठलाही विषय निघाला तरी पाऊसपाण्यावर येत. नव्या बाई बिचाऱ्या मुलांना वेगाचा सराव कसा द्यावा याची पुस्तकं मागवत होत्या.

मित्रांनो, त्या अंधारात मला तुम्हाला एक सांगावंसं वाटत होतं. तुमच्या घरी एखादं जुनं घड्याळ असेल, उगाच पुढे धावणारं किंवा मागे रेंगाळणारं, तर त्याला फेकू नका. त्याला तेलपाणी करा, सांभाळून घ्या. पण घरात नवं माणूस आलं की त्याला आधी जवळ बसवून सांगा, याची खोड ही अशी आहे बरं का. सांभाळून घेणं एकट्याच्या बोटात ठेवलं, की ते बोट नसेल त्या दिवशी भलत्याच कुणाचं तरी नुकसान होतं.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मुंगी आणि तिचे वडील विभागात आले. वडिलांच्या अंगावर कामाचेच कपडे होते, कोपराला वंगणाचा डाग. भांडायला आले नव्हते. खुर्ची दिली तरी टेकेनात.

"मी काही मार्क वाढवा म्हणत नाही, बाई," ते नव्या बाईंना म्हणाले. "एवढंच विचारायचं होतं, की हिचं कच्चं नेमकं काय आहे? घरी तर सगळं सोडवते. म्हणजे ती चूक करते तरी कुठे, ते कळलं असतं तर..."

"अहो, चूक नाही करत ती," नव्या बाई म्हणाल्या. "तिचा वेग कमी पडतो. थांबा, आपण इथेच बघू. चालेल ना गं मुंगी? एकच गणित. पाव तास."

त्यांनी खण उघडला. उजेड डोळ्यांत गेला. नव्या बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि डोळा बारीक करून, काटेकोर, पाव तासावर लावलं. मोठ्या बाई कपाटापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. चावीचा आवाज ऐकला आणि त्या वळल्या. त्यांचं उजवं बोट हवेतच पुढे सरकल्यासारखं झालं. मग त्यांनी हात पदराखाली घेतला.

मुंगीनं भिंतीला टेकलेल्या शिडीची आकृती काढली. समीकरण मांडलं. खोलीत फक्त माझाच आवाज. आयुष्यात कधी इतकं वाटलं नव्हतं, की तोंडात कुणी कापूस कोंबावा. उत्तर आलं. मुंगीनं ते परत समीकरणात घातलं. डावी बाजू झाली. उजवी बाजू मांडायला घेतली, आणि मी कडाडलो.

तिचं पेन जागच्या जागी थांबलं. ते तिनं वहीवर नीट आडवं ठेवलं. या वेळी 'वेळ लवकर संपला' असं ती म्हणाली नाही.

"हो बाई," ती म्हणाली. "मीच हळू आहे."

"असू दे गं, राणी," वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात काळा आहे हे लक्षात येऊन लगेच उचललाही. "खालचं काय, वरचं काय, गणितच शिकवतात ना दोन्हीकडे? चल. बाईंचा वेळ गेला उगाच."

"हिला मी रोज सराव देईन," नव्या बाई म्हणाल्या.

दारात भूमितीचे सर येऊन उभे राहिले होते. त्यांनी आत पाहिलं, मला टेबलावर पाहिलं. "चहा..." त्यांनी सुरुवात केली.

"नको, सर," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्या टेबलाशी आल्या. मला उचललं. बटण फिरवलं, पाव तासाशी क्षणभर थांबल्या, आणि सगळ्यांना दिसेल असं सावकाश, थोडं आणखी पुढे नेलं. मग आडवं ठेवलेलं पेन उचलून त्यांनी मुलीच्या हातात परत दिलं.

"उजवी बाजू पुरी कर, मुंगी. तू हळू नाहीस. हा पुढे धावतो, आणि ते मला माहीत होतं."